गांडुळांची पांजरपोळ

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर तो मी माझा अपमान समजेन. शेवरवाडीच्या सर्जेराव मान्यानं काही सांगितलं आणि ऐकणाऱ्याला ते पटलं, असं अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकाच माणसाच्या बाबतीत झालंय. त्याच्याकडे येऊच आपण.

बसा, बोरकुटेताई. तो दगड कोरडा आहे. यंत्र लावा मधोमध. हिरवा दिवा लागला की माझा आवाज आपोआप खुलतो. तुम्ही नागपूरच्या, म्हणजे विंचवाला मी पोहायला शिकवलं ती गोष्ट तिकडं पोचली नसेल. नाही? बरं, काम आधी.

तुमचं काम मला ठाऊक आहे. गेले चार दिवस तुम्ही आमच्या शिवारात गुडघाभर खड्डे घेताय, माती चाळताय, आणि एका चाळणीत एक जीव सापडत नाही. गांडूळ नाही, वाळवी नाही, शेणकिडा नाही, बोट लावलं की वेटोळं करणारी साधी वाणीसुद्धा नाही. पण नुसता जीव नसून भागत नाही. तो पुन्हा धरणारच नाही असं ठरलं, तरच तुम्ही मातीचा मृत्युदाखला लिहिता. दाखला झाला की चाळीस मळ्यांवर सिमेंट आणि सिमेंटावर गोदामं. हे ठरवायचं कशावरून, तर ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याच्या तोंडच्या हकिकतीवरून. तो मी. संध्याकाळपर्यंत तुम्हाला सही करायची आहे. होईल. मी कधी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलेलं नाही.

समोर बघा. पाऊस परवा थांबला, पाणी अजून तसंच उभं आहे. आरशासारखं. बगळा येतो, स्वतःचं तोंड बघतो आणि उपाशी जातो. इथं एकोणीस वर्षांपूर्वी पानमळे होते. शेवरीच्या झाडांच्या रांगा, त्यांच्यावर चढवलेल्या नागवेली, आत दुपारी बारालाही सावली. मिरजेच्या बाजारात आमचं पान नुसतं दाखवलं तरी गिऱ्हाईक तोंड पुसायचं. आणि मळ्यात पाऊल टाकायचं ते अनवाणी. चपला कुंपणाबाहेर. पाटील असो नाहीतर कलेक्टर. देवळाचा नियम आहे म्हणायचे लोक. मला विचाराल तर तो मातीचा नियम होता. अनवाणी पायाला कळतं कुठं ओल आहे, कुठं माती घट्ट झालीय, कुठं गांडुळानं रात्री बारीक गोळ्यांची रांगोळी घातलीय.

आणि असा पाय कुणाचा असेल तर तो आदगोंडाचा. आदगोंडा मगदूम. माझ्या शेजारचा मळा, माझ्या वर्गातला बाक. डोळे मिटून मळ्यातनं चालायचा आणि सांगायचा, “इथं खाली मुंग्यांनी घर बदललंय.” उकरलं की खरंच बदललेलं असायचं. मी थापा मारतो म्हणून प्रसिद्ध, आणि तो खरं बोलतो म्हणून. माझ्या थापांवर विश्वास ठेवणारा गावात तेवढाच एक. विंचू पोहला हे त्यानं ऐकलं आणि विचारलं, “दमला नाही का रे?”

आदगोंडा जैन. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, पाणी गाळून प्यायचं, बटाटा-कांदा घरात नाही. मुंगी दिसली की पाय हवेत. पण जात शेतकऱ्याची, आणि पानमळ्यात वर्षातनं एकदा उतरण करावी लागते. म्हणजे उंच गेलेला वेल झाडावरून सोडवायचा, त्याचं वेटोळं बुंध्याशी ठेवायचं आणि वर माती ओढायची. त्या मातीला कुदळ लागते, आणि कुदळीला गांडूळ लागतं. एका घावाला दोन तुकडे. उतरणीच्या दिवसांत आदगोंडा जेवत नसे. राजमती वहिनी, त्याची बायको, ताट झाकून ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, “भावोजी, तुमची एखादी थाप तरी आणा ह्यांना खायला.”

तर अशा माणसाच्या दारात दोन हजार एकोणचाळीस सालच्या माघात हाक्या आला.

हाक्या म्हणजे काय, ते तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. मी हातात धरलाय. पुरुषभर उंचीची सळई, वर डबा, डब्यात बॅटरी. ती जमिनीत रोवायची आणि कळ दाबायची. कानाला जेमतेम ऐकू येईल असा घुमारा, पण पायाच्या तळव्यातून दाढेपर्यंत पोचणारा. गांडुळाला कान नाहीत, डोळे नाहीत. सगळं अंगच त्याचा कान. जमीन उकरत येणाऱ्या शत्रूची चाहूल जशी लागते, नेमकी तशी थरथर हा हाक्या काढतो. मग खाली थांबण्यापेक्षा वर पळालेलं बरं, असं गांडुळाच्या रक्तातच लिहिलेलं आहे. शास्त्रज्ञांनी तो आधी मोजणीसाठी केला होता: न खणता कळावं, मातीत किती जीव आहेत. त्यात एक कंपनी आली. तिचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण जाहिरात सगळ्यांना आठवते. ‘आधी हाक द्या, मग कुदळ घाला. एकही जीव दुखावणार नाही.’

आदगोंडा रडला हो ती जाहिरात बघून.

आम्ही पहिल्यांदा कळ दाबली तेव्हा काहीच झालं नाही. मी म्हणालो, “फसवलं रे तुला.” तेवढ्यात माती हलली. शिजत्या भातासारखी. आधी एक, मग दहा, मग अख्खा वाफा. वीतभर, हातभर लांब, करंगळीएवढी जाड, पाठीवर निळसर झाक. त्यांच्यामागं वाणी, गोमा, शेणकिडे, त्यांच्या पांढऱ्या अळ्या. मी साठीला आलो होतो, पण आपण कशावर उभे आहोत ते मला त्या दिवशी दिसलं. आदगोंडा हात जोडून उभा होता. बगळे आले तेव्हा त्यानं अंगातला सदरा काढून वाफ्यावर टाकला.

“आदगोंडा,” मी म्हणालो, “उतरण होईपर्यंत ह्यांना ठेवायचं कुठं?”

“गाईंना पांजरपोळ असते. ह्यांना करू.”

तुम्ही हसता, ताई, पण गाव हसलं नाही. आदगोंडा म्हणतोय म्हणजे खरं असणार. माझ्या परसात आंब्याखाली जुना हौद होता, बैलगोठ्याएवढा. त्यात माती भरली, पाचोळा घातला, वर पत्र्याचं झाकण. चाळीस मळ्यांनी आपापली गांडुळं टोपल्यांनी आणून त्यात सोडली. कुणी हळदकुंकू वाहून गेलं. आणि पालक कोण? मी! आयुष्यात पहिल्यांदा गावानं माझ्या हाती काहीतरी खरं सोपवलं होतं. मी झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. बगळ्यांचा भरवसा नाही आणि माणसांचा त्याहून नाही. आदगोंडालासुद्धा मी हात घालू देत नसे. “पाळणाघरात सारखं डोकवायचं नसतं,” म्हणायचो. पाणी शिंपडायचो सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि गोष्टी सांगायचो. चाळीस दिवस.

“पण आजोबा, ही खोल राहणारी गांडुळं होती ना? ती हौदात चाळीस दिवस जगली?”

आता तुम्ही मला शिकवणार, ताई? ऐका, सोपं करून सांगतो, यंत्रालाही कळेल. गांडुळांचं घर तीन मजली. माडीवर राहतात ती पाचोळ्यातली, शेणातली. छोटी, लाल. खताच्या कारखान्यात असतात ती हीच. त्यांना खालच्या मातीशी काही देणंघेणं नाही. मधल्या मजल्यावरची आडवी फिरतात, मुळांच्या आजूबाजूला. आणि तळघरातली आपली ही निळसर पाठीची. ती माणूसभर खोल उभं बीळ पाडतात, रात्री वर येऊन पान ओढून खाली नेतात. ते बीळ म्हणजे मातीचं नाक आणि घसा. पावसाचं पाणी त्यातनं उतरतं, मुळांना हवा त्यातनं मिळते. तळघरवाले गेले की पाणी वरच थांबतं. मग त्या बंद मातीत वाळवी राहत नाही, मुंग्या राहत नाहीत, आणि नागवेलीचा पाय आठ दिवसांत कुजतो. असं हे सगळं एकमेकांत अडकलेलं. तळघरवाल्यांना हौद अडचणीचा, हे बरोबर. पण ओल राखली आणि ऊन लागू दिलं नाही, तर काढतात दिवस. मी राखली होती.

तो बघा, आलाच. नाव काढलं आणि हजर! ये, आदगोंडा, ये. पांढरीशुभ्र कापडं घालून आलाय. आज त्यांची क्षमावाणी, ताई. दहा दिवसांचं पर्व संपलं की घरोघर जायचं आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. हा दरवर्षी पहिला माझ्याकडे येतो.

“उत्तम क्षमा, सर्ज्या.”

असू दे, असू दे. तुला कसली क्षमा गा? मुंगीला चुकवून चालणारा माणूस. बस तिथं कट्ट्यावर. सरकारी ताई आहेत. हौदाची हकिकत चाललीय. तू ऐकलीयस म्हणा शंभरदा.

कुठं होतो मी? हां, सत्कार. पांजरपोळीची बातमी सगळीकडे झाली होती. फाल्गुन संपत आला होता, उतरण आठ दिवसांत उरकणार होती, आणि कोल्हापुरातून बोलावणं आलं. भला मोठा मंडप, समोर दोन हजार खुर्च्या. पहिल्या दिवशी भाषण, दुसऱ्या दिवशी मुलाखत. अहो, मी बोलतोय आणि दोन हजार माणसं गप्प! मी त्यांना सांगितलं, गांडुळं माझा आवाज ओळखतात, मी खाकरलो की ओळीनं वर येतात. टाळ्या थांबेनात. शाल दिली, नारळ दिला. परत येताना गाडी चुकली, मग गांडूळखताच्या टेम्पोत पोत्यांवर बसून आलो. त्या शालीचा वास तीन धुण्यांत गेला नाही.

आणि मग सोडण्याचा दिवस. सूर्य वर येत होता. सगळे मळेकरी कुंपणापाशी, चपला बाहेर ओळीनं लावलेल्या. पहिला मान आदगोंडाच्या मळ्याचा. हा अनवाणी मधोमध उभा राहिला. मी ओल्या गोणपाटात झाकलेल्या टोपल्या आणल्या आणि ह्याच्या पायाशी उलट्या केल्या. काय सांगू, ताई! सुईत दोरा जावा तशी खाली गेली. एका दमात. लाखो. माती नुसती सळसळली आणि मिटली. पाच मिनिटांत वर एक दिसेल तर शपथ. मी चाळीस मळ्यांत असंच केलं. दुपारी गावजेवण झालं.

पहिला पाऊस आला आणि पाणी मुरेना.

आम्ही म्हणालो, होईल. दुसरा आला. वाफ्यात टाचभर पाणी. श्रावणात वेलींचे पाय काळे पडले. सडका वास अख्ख्या गावावर. सकाळी हिरवा असलेला वेल संध्याकाळी ओल्या कापडासारखा लोंबायचा. तीन वर्षांत चाळीसचे चाळीस मळे गेले. शेवरी तोडून लोकांनी चुली पेटवल्या. विहिरींचं पाणी हाताला लागेना, कारण वरचं खाली जाईना. पोरं शहरात गेली ती फक्त सुतकाला येतात. देवळापुढं बैठक झाली तेव्हा म्हातारी माणसं आदगोंडाच्या अंगावर धावून गेली. हाक्या कुणी आणला? पांजरपोळ कुणी काढली? दयेच्या नावाखाली मातीचा जीव कुणी घेतला?

आणि हा उभा राहून म्हणाला, “चूक माझी हाय.”

त्या दिवसापासून ह्याच्या दारात कुणी पाणी प्यायलं नाही. राजमती वहिनींना पाणवठ्यावर कुणी बोलत नसे. त्या तशाच गेल्या, सहा वर्षं झाली. खांदा द्यायला गावातनं दोघेच: एक मी, आणि एक भाडोत्री.

ह्यानं एक मात्र विचित्र केलं. त्या श्रावणात हा चपला घालून मळ्यात गेला. आदगोंडा, आणि चपला! मी विचारलं, “हे काय रे?” म्हणाला, “काटे लागतात.” ताई, शेवरीला काटे असतात का? वय झालं, दुसरं काय. तेव्हापासून त्याच्या पायातली चपल निघालेली मी बघितली नाही.

मी त्याला वाचवायचा माझ्या परीनं प्रयत्न केला. मीच पहिल्यांदा म्हणालो की ह्यात आदगोंडाची चूक नाही, मातीची आहे. माती भ्याली. हाक्याच्या थरथरीनं तळघरवाल्यांना अशी धास्ती बसली की खाली गेली ती पार खडकापर्यंत गेली. ती परत वर आली नाहीत आणि कधी येणारही नाहीत. नवी आणून सोडलीत तरी ती थरथर मातीत मुरलेली आहे, तीही पळतील. लोक आधी हसले. मग पेपरात आलं. मग विद्यापीठातनं माणसं आली. ‘मातीचं भय’ म्हणून दोघांनी पदव्या घेतल्या माझ्या थापेवर. म्हणजे, माझ्या निरीक्षणावर.

तेवढं एकच तुमच्या कागदाला हवंय ना? जीव पुन्हा धरणार नाही. लिहा मग. साक्षीदार सर्जेराव माने.

“लिहिते, आजोबा. पण एक अडतंय. लाखो गांडुळं खडकापर्यंत गेली असती तर जाताना बिळं पडली असती. आम्ही एका ठिकाणी पुरुषभर खोल काप घेतलाय. जुन्या बिळांच्या खुणा आहेत, पण त्यांच्यावर एकोणीस वर्षांपूर्वीचा उतरणीच्या मातीचा थर आहे, आणि त्या थरात एकही बीळ नाही. वरून खाली कुणी गेलंच नाही असं दिसतंय.”

पाण्यानं बुजली असतील.

“आणि तुम्ही कोल्हापुरात दोन दिवस होतात. फाल्गुन अखेरचं ऊन, वर पत्र्याचं झाकण. तिन्ही त्रिकाळ पाणी लागायचं म्हणालात. त्या दोन दिवसांत पाणी कोण घालत होतं?”

हे बघा, तुम्ही पोलिसांत असायला हव्या होतात, बोरकुटेताई. पाणी कोण घालत होतं? पाणी... अहो, राजमती वहिनी होत्या ना. त्यांना सांगून गेलो होतो मी. बाईमाणूस, घरचं काम, जनावरं. एखादवेळी राहिलंही असेल शिंपडायचं. मी कधी बोललो नाही, गेलेल्या माणसाला कशाला बोल लावायचा. पण आता तुम्ही इतकं खोदून विचारताय म्हणून. आदगोंडाला विचारा, तो खोटं बोलणार नाही. एकोणीस वर्षं जो येईल त्याला सांगतोय, सर्जा म्हणतो तसंच झालं. सांग रे, आदगोंडा, ताईंना.

अरे, चपला काय काढतोस? चिखल आहे तिथं. पाय घसरेल. आदगोंडा, पाण्यात काय उभा राहिलास तू? वर ये गा.

“कुलूप होतं, सर्ज्या.”

काय?

“हौदाला कुलूप होतं. किल्ली तुझ्या करदोट्याला, कोल्हापुरात. राजमती दोन्ही दिवस घागर घेऊन झाकणापाशी उभी होती. हातोडीनं कुलूप फोडते म्हणाली. मीच नको म्हणालो, सर्ज्याला वाईट वाटंल. दुसऱ्या सांजेला ती घरी आली आन म्हणाली, आतनं वास येतोय.”

आदगोंडा, सरकारी माणसं बसलीत.

“बसू देत. ताई, सोडायच्या दिवशी मी अनवाणी उभा होतो. माझ्या पायाला कळतं. माझ्या पायाखाली कुणी गेलं न्हाई. वरच वळवळत होती. बोटभर, लाल. खतातली. उन्हं तापली तशी माझ्या बोटांत शिरून मेली. त्यानंतर मला मळ्यात उघडा पाय ठेववंना. हा एक दिवस सांगंल, म्हणून मी दर क्षमावाणीला पयला ह्याच्या दारात येतो. ह्यानं उलट कधी क्षमा मागितली न्हाई. माझ्यावर घातलं, मी घेतलं. आज राजमतीवर घातलं. तो कागद फाडा, ताई. ही माती भ्यालेली न्हाई. तिचे जीव तिला कुणी परत दिलेच न्हाईत. सर्ज्या खोटं बोलतोय.”